रिबाउंड कुणाचा? पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या संघाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या मध्यवस्तीतलं जुनं कॉलेज. बास्केटबॉलचं कोर्ट स्वतःचं, पण उघडं आणि सिमेंटचं. मुलांनी लटकून लटकून एका बाजूची रिंग पुढे झुकवलेली. पावसाळ्यात प्रॅक्टिसची पहिली वीस मिनिटं वायपरने पाणी ढकलण्यात जातात, आणि कडेला शेवाळ धरलं की तेवढा भाग सोडूनच खेळायचं. मुलींचा संघ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दरवर्षी उतरतो, दोन-तीन फेऱ्या काढतो. विभागाच्या संघात एखाद-दोघींची निवड झाली तर वर्ष सार्थकी लागलं असं मानतात.

प्रशिक्षक मानधनावर येणारे, दिवसभर नोकरी करणारे. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात. कॉलेजच्या फिजिकल डायरेक्टर मॅडम स्वतः ॲथलेटिक्समधल्या. मी याच संघाची जुनी खेळाडू. त्या हंगामात मॅचचे व्हिडिओ बघून नोंदी काढायला सरांना मदत करत होते, म्हणून हे सगळं जवळून बघता आलं. खेळाडूंची नावं बदलली आहेत, कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही.

संघ वाईट नव्हता. कप्तान ऋतुजा ही गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब राहून बॉल पुढे नेणारी, अतिशय चपळ. तिच्या जोडीला सायली. समोरच्यांचा शॉट चुकला की या दोघी अर्ध्या कोर्टाच्या पलीकडे पोचलेल्या असायच्या, मागून लांब पास आला की ले-अप, म्हणजे धावत रिंगखाली जाऊन सोपं बास्केट. यालाच फास्ट ब्रेक म्हणतात. संघाची ओळखच ती होती. बचावात सर २-३ झोन खेळवायचे: दोघी पुढे, तिघी रिंगजवळ. आपापल्या जागेची राखण करायची, कुणा एकीच्या मागे धावायचं नाही. दमणूक कमी, फाउल कमी.

अडचण

जुलैमधल्या सरावाच्या मॅचेसमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. समोरच्यांचा पहिला शॉट आपण नीट अडवतो, तो चुकतो, बॉल परत त्यांच्याच हातात जातो. चुकलेल्या शॉटचा बॉल असा धरणं म्हणजे रिबाउंड. दुसरा शॉट. तोही चुकतो, पुन्हा त्यांच्याच हातात. तिसऱ्याला बास्केट. मध्यंतरापर्यंत बरोबरी आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये घसरगुंडी. एखादी मॅच अशी गेली तर नशीब म्हणता येतं, इथे सगळ्याच तशा गेल्या.

यावर सगळ्यांचं निदान तयार होतं: पोरी बुटक्या आहेत. पालक हेच म्हणायचे, माजी खेळाडू हेच म्हणायच्या, मुलींनाही ते पटलेलं होतं. संघातली सगळ्यांत उंच मुलगी पाच फूट सात इंच. हे निदान सोयीचं असतं, कारण त्यावर कुणालाच काही करावं लागत नाही.

पण रिंग ३.०५ मीटरवर असते. कॉलेजच्या मुलींच्या मॅचमध्ये रिंगच्या उंचीवर जाऊन बॉल धरणारी जवळपास कुणीच नसते, ना आपल्याकडे, ना समोर. बॉल खाली येतो, पुष्कळदा जमिनीवर एक टप्पा घेतो आणि मग कुणाच्या तरी छातीशी किंवा कमरेशी धरला जातो. अशा वेळी चार इंच उंचीपेक्षा दोन पावलं जागा जास्त कामाला येते. सर डेनिस रॉडमनचं उदाहरण द्यायचे: सात फुटी खेळाडूंच्या एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये हा सहा फूट सात इंचाचा माणूस १९९१-९२ पासून सलग सात हंगाम रिबाउंडमध्ये पहिला होता. मुलींनी मान डोलावली. त्यांच्या जन्माआधी निवृत्त झालेला माणूस तो. त्यांच्या दृष्टीने सहा फूट सात इंच म्हणजेसुद्धा राक्षसच.

आधी मोजायचं काय

बास्केटबॉलच्या अधिकृत स्कोअर शीटवर गुण, फाउल, टाइम-आऊट एवढंच लिहिलं जातं. रिबाउंडचा रकानाच नसतो. त्यामुळे कॉलेज पातळीवर ‘रिबाउंड कमी पडतात’ हे सगळे म्हणतात, किती कमी ते कुणी सांगू शकत नाही. सायलीचे वडील प्रत्येक मॅच मोबाइलवर काढायचे. त्या व्हिडिओंवरून मोजायला सुरुवात केली.

पहिल्याच मोजणीत घोळ झाला. एका मॅचमध्ये आपले रिबाउंड समोरच्यांपेक्षा जास्त निघाले, आणि ऋतुजा म्हणाली, “बघा, आपण उगाच घाबरतोय.” प्रत्यक्षात त्या दिवशी समोरच्यांचे शॉटच खूप चुकले होते. जितके शॉट चुकतील तितके रिबाउंड वाटायला येणार. नुसता आकडा म्हणून फसवा. बघायचा तो वाटा. समजा, समोरच्यांचे ३० शॉट चुकले, त्यातले १८ आपण धरले आणि १२ त्यांनी, तर आपला बचावातला वाटा झाला ६० टक्के. मोठ्या पातळीवरच्या खेळात बचाव करणारा संघ साधारण ७० ते ७५ टक्के बॉल धरतो. या हिशेबाने बघितलं तेव्हा त्या ‘चांगल्या’ मॅचमध्येही संघ बराच मागे होता. शिवाय फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार शॉट रिंगला लागून बॉल परत त्याच संघाला मिळाला की त्यांना नवे १४ सेकंद मिळतात. म्हणजे शॉट मारायला मिळणारे पूर्ण २४ सेकंद आपण राबून केलेला बचाव वाया, वर पुन्हा तेवढ्याच ताकदीने उभं राहायचं.

दुसरी गोष्ट व्हिडिओ थांबवून थांबवून बघताना दिसली, आणि माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तीच आहे. शॉट हातातून सुटला त्या क्षणी व्हिडिओ थांबवायचा आणि आपल्या पाचजणी काय करताहेत ते बघायचं. एका चित्रात ऋतुजा आणि सायली रिंगकडे पाठ करून पळायला लागलेल्या. उरलेल्या तिघींच्या माना वर, नजर बॉलवर, हात खाली. समोरच्यांची उंच मुलगी त्यांच्या मधल्या फटीतून आत शिरतेय, तिला कुणाचा धक्काही लागलेला नाही. पुढची चाल, तेच चित्र. बॉल अजून हवेत असतानाच रिबाउंड गेलेला होता.

सरांनी हे चित्र मुलींना दाखवलं आणि विचारलं, “हिला अडवायचं कुणी?” कुणी बोलेना. मग संघातली सगळ्यांत शांत मुलगी, मधल्या जागेवर खेळणारी प्राजक्ता, म्हणाली, “सर, झोनमध्ये माझी अशी कुणी नसतेच. मग मी अडवू कुणाला?”

प्रश्न चोख होता. मॅन टू मॅन बचावात प्रत्येकीने समोरच्यांपैकी एकीला सांभाळायचं असतं, म्हणून आपली मुलगी ठाऊक असते. शॉट गेला की तिच्याकडे वळायचं, पाठ लावायची, तिला मागे ठेवायचं. झोनमध्ये राखायची असते जागा, आणि जागेला पाठ लावता येत नाही. दोघींच्या मधून कुणी आत आली तर ती दोघींची असते, म्हणजेच कुणाचीच नसते.

पर्याय

पहिला पर्याय उंची आणण्याचा. कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात एक जवळपास पाच फूट अकरा इंचाची मुलगी होती, उडीही जबरदस्त. मॅडमना हा उपाय आवडला होता.

दुसरा, झोन सोडून पूर्ण मॅन टू मॅन. सरांना भीती होती ती फाउलची. क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो, आणि राखीव खेळाडूंची फळी पातळ.

तिसरा, झोन ठेवायचा, पण गार्डनी लगेच पळायचं नाही; पाचहीजणींनी आधी रिंग राखायची. यात संघाचं हुकमी हत्यारच म्यान करावं लागणार होतं. ऋतुजाचा याला सरळ विरोध होता. “सर, आपण जिंकतोच फास्ट ब्रेकवर,” ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

चौथा, उडी आणि ताकद वाढवण्याचा. हा लांब पल्ल्याचा. स्पर्धेच्या तोंडावर उड्या वाढवण्यात धोकाही असतो. गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि ती इजा बहुतेक वेळा उडीवरून उतरताना किंवा झटक्यात वळताना होते. सिमेंटच्या कोर्टवर, उतरायचं कसं हे न शिकवता उड्या मारून घेण्याला मॅडमनी साफ नकार दिला. मला तो निर्णय फार योग्य वाटतो.

पाचवा पर्याय कुणी बोलून दाखवला नाही, पण होताच: हे असंच चालू द्यायचं आणि शूटिंगवर भर द्यायचा. बहुतेक कॉलेजांचे संघ तेच करतात.

काय केलं

व्हॉलीबॉलच्या मुलीला बोलावलं. दहा मिनिटांत दोन गोष्टी कळल्या. एक, ती बॉल धरत नव्हती, मारत होती. हवेत सगळ्यांच्या वर पोचायची आणि सवयीने तळवा फिरवायची, बॉल थेट समोरच्यांच्या हातात. दुसरी, व्हॉलीबॉलमध्ये मध्ये जाळी असते, अंगाला अंग लागत नाही. इथे कुणी पाठ लावली की ती बिचारी ‘सॉरी’ म्हणून बाजूला व्हायची. तिच्या स्वतःच्या स्पर्धेच्या तारखाही जवळ होत्या. तिला परत पाठवलं.

उपयोगी पडली ती भलतीच मुलगी. पाच फूट तीन इंचांची वैष्णवी, शाळेत कबड्डी खेळलेली, या संघात राखीवमधली राखीव. कबड्डीत चढाई करणारीला मध्यरेषेकडे जाऊ न देता अंगाने अडवायचं, ज्याला ब्लॉक म्हणतात, त्याची सवय तिच्या कमरेत आणि पायांत मुरलेली होती. खाली बसायचं, पाय फाकवायचे, समोरची कुठे जाणार हे डोळ्यांनी नाही तर पाठीने ओळखायचं. सरांनी तिलाच पुढे करून बाकीच्यांना दाखवायला लावलं. फरक एवढाच समजवावा लागला की कबड्डीतला डॅश इथे चालणार नाही: जागा घेऊन उभं राहणं कायदेशीर, ढकलणं फाउल.

मग सुरू झाला तो सराव, ज्यात शॉटच नव्हता. मधल्या वर्तुळात बॉल जमिनीवर ठेवायचा. एक मुलगी बॉलकडे तोंड करून बाहेर उभी, दुसरी तिच्यासमोर बॉलकडे पाठ करून. शिट्टी झाली की आतलीने वळायचं, पाठ लावायची आणि पाच सेकंद बाहेरचीला बॉलला हात लावू द्यायचा नाही. बॉल कुठे उडतोय याची उत्सुकताच संपली की नजर आपोआप माणसावर जाते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे पाच सेकंद दोन सेकंदांत संपायचे. प्राजक्ताला वळल्यावर हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. ती ते मागे नेऊन समोरचीला धरायची, जो फाउल आहे. कोपर खांद्याच्या रेषेत, तळवे वर, हे तिच्या अंगवळणी पडायला बराच वेळ गेला.

झोन की मॅन टू मॅन, हा निर्णय सरांनी मधलाच घेतला. बचाव झोननेच करायचा, पण शॉट सुटला त्या क्षणी प्रत्येकीने आपल्या जागेतल्या समोरच्यांच्या सगळ्यात जवळच्या मुलीला नंबर ओरडून ‘घ्यायचं’, म्हणजे पाठ लावून अडवायचं. दोघींच्या मधे असली तर रिंगजवळच्या मुलीने घ्यायची, वाद नाही. कोपऱ्यातून शॉट गेला तर चुकलेला बॉल बहुतेकदा पलीकडच्या बाजूला पडतो, म्हणून पलीकडचीने जागा सोडायचीच नाही. ६.७५ मीटरच्या, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेला शॉट लांब उसळतो. तो बॉल गार्डचा.

या शेवटच्या वाक्यावर खरी घासाघीस झाली. ऋतुजाला पळायचं होतं. शेवटी सरांनी तोड काढली: दोघींपैकी एकीनेच पळायचं, तेही शॉट कोपऱ्यातून गेला असेल तर तिकडच्याच बाजूच्या गार्डने. दुसरीने फ्री थ्रो रेषेपाशी थांबायचं. हे नाराजीने मान्य झालं, आणि नाराजी पुढे बराच काळ टिकली.

मोजणीही बदलली. रिबाउंड कुणी धरला हे लिहिणं बंद केलं, कारण त्याचं श्रेय नेहमी उंच मुलीला जायचं. वहीत लिहायचं ते एवढंच: शॉट सुटल्यावर कुणी आपल्या मुलीला पाठ लावली आणि कुणी नाही. पाचपैकी चौघींनी काम केलं आणि पाचवीने मान वर केली तर बॉल त्या फटीतून जातो. वहीत फट कुणाची ते दिसायचं. पहिल्या दोन मॅचेसनंतर वैष्णवीच्या नावापुढे सगळ्यात जास्त खुणा होत्या आणि रिबाउंड एकही नव्हता. ती संघात कायम झाली.

मध्येच आलेला गणपती

ऑगस्टमध्ये वेगळाच पेच. चौघी ढोल पथकात होत्या. पथकांचा सराव नदीपात्रात संध्याकाळी, आमची प्रॅक्टिसही संध्याकाळी. शिवाय दोन-दोन तास कमरेला ढोल बांधून वाजवल्यावर दुसऱ्या दिवशी कंबर धरलेली असायची, आणि पाठ लावण्याच्या सरावाला कंबरच लागते. सरांचं म्हणणं, पथक किंवा संघ, एक काय ते ठरवा. मॅडम म्हणाल्या, “सर, ही अट घातलीत तर चौघी जातील. पुण्याच्या मुलीला भाद्रपदात ढोल सोडायला सांगू नका.” प्रॅक्टिस सकाळी सव्वासहाला नेली.

त्याने एक भांडण मिटलं आणि एक नवीच गोष्ट उघडकीला आली. मुली काही न खाता यायच्या आणि तासाभरात ढेपाळायच्या; दोघींना चक्कर आली. मॅडमनी सगळ्यांची रक्ततपासणी करून घेतली, तेव्हा काहीजणींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं होतं, तेव्हा खेळाडू मुलीही त्यातून कशा सुटतील? शेवटच्या क्वार्टरमधल्या घसरगुंडीचा सगळा दोष आम्ही झोनवर टाकत होतो. त्यातला काही वाटा इथे होता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, मॅडमनी प्रॅक्टिसआधी केळं आणि गूळ-शेंगदाणे सक्तीचे केले. हिमोग्लोबिन मात्र आठवडाभरात चढत नाही.

निकाल

स्पर्धेपर्यंत बचावातला वाटा बऱ्यापैकी सुधारला. आकडा देत नाही, कारण मॅचेस मोजक्याच आणि प्रतिस्पर्धी वेगवेगळ्या ताकदीचे. त्यावरून टक्के काढणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. पण व्हिडिओ थांबवला की वर बघणाऱ्या माना कमी झाल्या होत्या, आणि तिसरा-चौथा शॉट मिळणं जवळजवळ बंद झालं होतं. किंमतही दिसली. फास्ट ब्रेकचे सोपे बास्केट घटले आणि मॅचेस कमी गुणांच्या, चिवट व्हायला लागल्या. बघायला कंटाळवाण्या, हे ऋतुजाचं मत. मला त्या आवडल्या.

संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि एका गुणाने हरला. हरला तो रिबाउंडवरच. शेवटचे काही सेकंद, बरोबरी, समोरच्यांना दोन फ्री थ्रो. फिबाच्या नियमात फ्री थ्रोच्या वेळी लेनवर, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना, बचाव करणाऱ्या तिघी आणि हल्ला करणाऱ्या दोघीच उभ्या राहतात, आणि रिंगजवळच्या जागा बचावाच्या असतात. म्हणजे सगळ्यात सोपा रिबाउंड. पहिला थ्रो आत गेला. दुसरा चुकला, दोघींनी दोघींना चोख अडवलं, बॉल समोर पडला, आणि थ्रो मारणारीच धावत येऊन घेऊन गेली. तिला अडवणं तिसरीचं काम होतं. नेहमी ते वैष्णवी करायची, पण स्वतःचे पाच फाउल झाले की खेळता येत नाही, त्या पाचव्या फाउलवर ती बाहेर गेली होती आणि तिच्या जागी आलेल्या मुलीला हे काम कुणी सांगितलंच नव्हतं. राहिलेला वेळ समोरच्यांनी बॉल फिरवून काढला.

वेगळं काय करता आलं असतं

रक्ततपासणी जूनमध्ये, निवड चाचणीच्याच आठवड्यात व्हायला हवी होती. चक्कर येईपर्यंत थांबणं महागात पडलं. गोळ्यांचा गुण येईस्तोवर स्पर्धा संपली होती.

व्हॉलीबॉलच्या मुलीबाबत मी सरांशी सहमत नाही. हंगामाच्या मध्ये तिला घेणं चूक होतं, पण एका संध्याकाळीत निकाली काढणंही चूक होतं. डिसेंबरनंतर तिला आठवड्यातून दोन दिवस धक्के खायला आणि दोन्ही हातांनी बॉल धरायला शिकवलं, तर पुढच्या वर्षी ती कामाची आहे. उंचीचा उपयोग नसतो असं माझं म्हणणं नाही.

फास्ट ब्रेकची तोड जरा घाईची झाली. समोरच्या संघात रिबाउंडला येणारी एकच असेल तर दोन्ही गार्डना पळू द्यायला हरकत नव्हती. सगळ्या संघांना एकच नियम लावला गेला. तो निर्णय मॅचगणिक कप्तानावर सोपवला असता, तर ऋतुजाची नाराजी बहुधा कामाला लागली असती.

झोनचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सरांना नव्या हंगामात पहिले दोन क्वार्टर मॅन टू मॅन खेळवून बघायचंय. त्यासाठी आठ-नऊजणी खेळवाव्या लागतील, आणि सध्या दमाच्या आहेत सहा. म्हणून यंदा जूनमध्ये निवड चाचणीला कबड्डी आणि खो-खोच्या मुलींनाही बोलवायचं ठरलंय. वही आता सायलीच्या वडिलांकडे असते. फ्री थ्रोच्या वेळी मारणारीला कोण घेणार, याचा रकाना तिच्यात नव्याने आखला आहे.